गाव घरी असेल तेव्हा ग्रामसभा घ्या

प्रति,
अक्राणी आणि अक्कलकुवा तालुक्यांतील सर्व सरपंच, उपसरपंच, ग्रामपंचायत सदस्य आणि ग्रामसेवक (आताचे ग्रामपंचायत अधिकारी) भाऊसाहेब

जोहार.

महाराष्ट्रातल्या विधानसभा मतदारसंघांची यादी उघडली की पहिला क्रमांक अक्कलकुव्याचा येतो, लोकसभेच्या यादीत पहिलं नंदुरबार. देशातलं पहिलं आधार कार्ड २९ सप्टेंबर २०१० रोजी आपल्याच जिल्ह्यात, शहादा तालुक्यातल्या टेंभलीत वाटलं गेलं. सरदार सरोवराच्या पाण्यात राज्यातली जी ३३ गावं सापडली, ती सगळी आपल्या या दोन तालुक्यांतली. केंद्राने मागे राहिलेले म्हणून आकांक्षित जिल्हे निवडले तेव्हा महाराष्ट्रातून चार घेतले, त्यातही नंदुरबार होतंच. यादीत नाव लागायला आपल्याला कधी अडचण आलेली नाही. अडचण येते ती ग्रामसभेच्या हजेरीपटावर.

तुमच्याकडे मागायचं ते एवढंच आहे: गाव घरी असेल तेव्हा ग्रामसभा घ्या. ऐकायला साधं वाटेल, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आपल्याकडचं वर्ष कसं चालतं ते तुम्हाला मी सांगायला नको. पावसाळ्यात डोंगरउतारावर ज्वारी, मका, भगर. ऊसतोडीला माणसं नेणाऱ्या मुकादमाची उचल, म्हणजे आगाऊ पैसे, बहुतेक घरांत पावसाळ्यातच आलेली असते, कारण बियाणं, औषधपाणी आणि किराणा त्याच वेळी लागतो. दिवाळीत पोरं अस्तंब्याच्या यात्रेला जाऊन येतात आणि मग ऊसतोडीच्या गाड्या लागतात. नवरा-बायकोचा एक कोयता, सोबत लहान पोरं, पिठाचं पोतं, भांडी, कोंबड्या, कुणाची शेळी. बारडोली, मढी, चलथाण, सायण, दक्षिण गुजरातच्या साखर पट्ट्यात जिकडे कारखाना सांगेल तिकडे पडाव पडतो. काही घरं सौराष्ट्राकडे शेतात भागाने राहायला जातात. दाराला कडी लावून, वर काटेरी फांदी अडकवून गेलेलं माणूस होळीला परत दिसतं. होळी झाली की त्यातले निम्मे पुन्हा निघतात आणि आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, आसपास हंगाम संपवून घरी येतात.

आता ग्रामसभेच्या ठरलेल्या तारखा बघा. २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर. यातली १५ ऑगस्टची सभा ऐन निंदणीच्या दिवसांत येते, पण निदान माणूस गावात असतो. १ मेला काही पोहोचलेले असतात, काही वाटेत. २६ जानेवारीला मात्र कितीतरी पाड्यांमध्ये म्हातारी माणसं, शाळेत जाणारी पोरं आणि कुत्री, एवढंच गाव असतं.

आमच्या गावातली २६ जानेवारीची सभा मी पाहिली आहे. गावाचं नाव लिहीत नाही, तुमच्यापैकी अनेकांना ते आपलंच वाटेल. झेंडावंदन झालं, पोरांना गोळ्या वाटल्या, मग शाळेच्या ओट्यावर सतरंजी टाकली. शाळेचे गुरुजी, अंगणवाडीच्या ताई, आशाताई, दोन सदस्य, रस्त्यालगतच्या पाड्यातले दुकानदार आणि उन्हाला बसलेले चार म्हातारे. भाऊसाहेबांनी रजिस्टर उघडलं. विषय क्रमांक एक, मागील सभेचे इतिवृत्त वाचून कायम करणे. वाचन झालं नाही, कायम झालं. पुढचे विषय चहा येईपर्यंत उरकले. ऐनवेळचे विषय विचारले तेव्हा एका म्हाताऱ्याने हात वर केला आणि रेशनचं विचारलं. त्याला सांगितलं की तो विषय इथला नाही, तहसीलला जा. मग सगळ्यांना उभं करून फोटो काढला, मागे पोरंही उभी केली म्हणजे गर्दी दिसते.

हे झालं डोळ्यांसमोरचं. प्रोसिडिंगमध्ये जे लिहिलं गेलं ते मी नंतर वाचलं. प्रत्येक ठरावाला सूचक आहे, अनुमोदक आहे आणि शेवटी 'ठराव सर्वानुमते मंजूर'. एका ठरावाचे सूचक माझे नात्यातले काका होते. ते त्या दिवशी मढीच्या पट्ट्यात उसाच्या मोळ्या बांधत होते. होळीला आले तेव्हा त्यांना विचारलं, तर त्यांना ठराव कशाचा होता हेही माहीत नव्हतं. रजिस्टरवर सही त्यांचीच होती. कोणीतरी होळीच्या बाजारात गाठून घेतली होती.

यात कोणी पैसे खाल्ले असं मी म्हणत नाही. खाल्ले असतील तर तो वेगळा विषय आणि त्यासाठी वेगळी दारं आहेत. माझं म्हणणं असं की अगदी सरळ माणूस सरपंच असला, भाऊसाहेबही प्रामाणिक असले, तरी रिकाम्या गावात घेतलेल्या सभेतून वाकडेच निर्णय निघतात. कारण गावात मागे कोण राहतं आणि जातं कोण, हे चिठ्ठ्या टाकून ठरत नाही. ज्याच्याकडे नोकरी आहे, दुकान आहे, ओलिताची थोडी जमीन आहे, गाडी आहे, तो राहतो. ज्याचा उतारावरचा तुकडा पावसावर आहे, तो जातो. म्हणजे सभेत बसतो तो रस्त्याजवळचा पाडा आणि गैरहजर असतो तो वरचा.

आमच्या गावात सौर पंपाची एक योजना आली, टाकी आणि नळकोंडाळ्यासकट. वरच्या पाड्याला उन्हाळ्यात झिऱ्याचं पाणी वाटीवाटीने भरावं लागतं. बायका पहाटे तीनला नंबर लावतात. खालच्या पाड्यात आधीच दोन हातपंप आहेत, त्यातला एक बारमाही. जागा निवडायचा ठराव जानेवारीत झाला आणि टाकी उभी राहिली खालच्या पाड्यात. नियमाने बघितलं तर काहीच चुकलं नव्हतं. सभेला जे होते त्यांनी आपल्या सोयीची जागा सांगितली, ठेकेदारालाही रस्त्यालगतचं काम परवडत होतं. वरच्या पाड्यातली एकही बाई त्या दिवशी गावात नव्हती. होळीला आल्यावर त्यांनी टाकी पाहिली. आमच्याकडे बायका अशा वेळी भांडत नाहीत, गप्प बसतात, आणि ते गप्प बसणं पुढच्या निवडणुकीपर्यंत पुरतं.

कायद्याचं म्हणाल तर कायदा आपल्या विरोधात नाही. ग्रामपंचायत अधिनियमाच्या कलम ७ प्रमाणे वर्षाला चार सभा घ्याव्याच लागतात आणि सबळ कारण नसताना घेतल्या नाहीत तर सरपंचाचं पद धोक्यात येतं, ग्रामसेवकावर कारवाई होते. ती भीती तुमच्या मनात असते आणि ती असायलाही हवी. पण चार हा किमान आकडा आहे. पाचवी, सहावी, सातवी सभा घ्यायला कोणीही अडवलेलं नाही. महिलासभा आधी घ्यायची असते तीही अशीच, बहुतेक ठिकाणी तिचं अर्धं पान ग्रामसभेच्याच दिवशी लिहिलं जातं.

आणि आपण तर पेसात, म्हणजे अनुसूचित क्षेत्रातल्या पंचायतींच्या कायद्यात आहोत. १९९६ च्या त्या कायद्याने गाव म्हणजे काय हेच बदलून टाकलं. वस्ती किंवा वस्त्यांचा समूह, पाडा किंवा पाड्यांचा समूह, जिथली माणसं आपल्या रीतीभातीप्रमाणे आपला व्यवहार चालवतात, ते गाव. सात पाडे दोन डोंगरांवर पसरलेले असताना सगळ्यांनी खाली शाळेच्या ओट्यावर यावं असं त्यात कुठेही म्हटलेलं नाही. महाराष्ट्राचे पेसा नियम २०१४ मध्ये आले, त्यात पाड्याला आपलं गाव वेगळं घोषित करून घ्यायची वाट आहे. विकासाचा आराखडा मंजूर करायचा तो ग्रामसभेने, योजनेचे लाभार्थी निवडायचे ते ग्रामसभेने, आणि पंचायतीने पैसे ज्या कामावर खर्च केले त्याचं विनियोगाचं प्रमाणपत्रही द्यायचं ते ग्रामसभेनेच. हे शेवटचं वाक्य पुन्हा वाचा. काम झालं की नाही हे सांगायचा अधिकार उसाच्या फडात उभ्या असलेल्या माणसाला आहे आणि ते प्रमाणपत्र त्याच्या पाठीमागे लिहिलं जातं.

२०१५ पासून आदिवासी उपयोजनेतला पाच टक्के अबंध निधी थेट पेसा ग्रामपंचायतींना मिळतो. अबंध म्हणजे कशावर खर्च करायचा ते मुंबईतून ठरून येत नाही. पायाभूत सोयी, वनहक्क आणि पेसाची अंमलबजावणी, आरोग्य-शिक्षण-स्वच्छता, जंगल-पाण्याचं संवर्धन, एवढ्या चौकटीत ग्रामसभेने ठरवायचं. इतकी मोकळीक देशात फार कमी गावांना आहे. आणि आपण ती कशात घालवतो, तर पेव्हर ब्लॉकमध्ये, कारण जानेवारीत ओट्यावर बसलेल्या माणसांना समोर पेव्हर ब्लॉकच दिसतात.

आराखड्याची गंमत तर त्याहून मोठी. गावाचा वार्षिक आराखडा करायची मोहीम दरवर्षी २ ऑक्टोबरला सुरू होते आणि हिवाळ्यात संपते. वित्त आयोगाच्या बंधित-अबंधित निधीचं नियोजनही त्यातच. दिल्लीत बसून पाहिलं तर हे वेळापत्रक बरोबर आहे, एप्रिलला नवं आर्थिक वर्ष लागण्याआधी आराखडा तयार हवा. पण आपल्याकडे त्या मोहिमेचे पहिले तीन-चार आठवडेच खरे. त्या दिवसांत गाव घरी असतं, पीक उभं असतं, संध्याकाळी माणसं शेकोटीला बसतात. आणि नेमके तेच आठवडे 'अजून वेळ आहे' म्हणून जातात. मग डिसेंबरमध्ये वरून फोन सुरू होतात, अपलोड करा, अपलोड करा. त्यात २४ डिसेंबरला पेसा दिवसही साजरा होतो, बॅनर लावून, ऐन ऊसतोडीत. बॅनर बघायला कोण असतं ते मला माहीत नाही.

मला वाटतं आराखड्याचं खरं काम दिवाळीच्या आधी, पाड्यापाड्यात बसून व्हावं. एका दिवसाची एक सभा नको. प्रत्येक पाड्याची वेगळी संध्याकाळ. मागण्या त्याच वेळी लिहून, वाचून दाखवून, तिथेच सह्या-अंगठे. मग जानेवारीत अपलोड करा ना, कोण नको म्हणतंय.

आणि दुसरी सभा होळीला. इथे तुमच्यातले काही हसतील. हसण्याआधी एक आठवून बघा. आपल्याकडे होळी सगळ्या गावांची एका दिवशी नसते. काठीची राजवाडी होळी त्या रात्री, दुसऱ्या गावची पुढच्या दिवशी, तिसऱ्याची त्यानंतर. कॅलेंडरवर एकच पौर्णिमा असली तरी सातपुड्यात होळी आठवडाभर पुढे सरकत राहते, एका गावच्या माणसांना दुसऱ्या गावच्या होळीला जाता यावं म्हणून. तारीख माणसांसाठी हलवायची ही रीत आपली जुनी आहे. वाघदेवाची पूजा असो की नीलचारीचा सण, गावचा पुजारा आणि कारभारी आधी विचारतात, कोण आलंय, कोण यायचंय, आणि मग दिवस धरतात. घर सुटलं तर निरोप जातो. देवाच्या कामाला गणपूर्तीचा नियम कुठे लिहिलेला नाही आणि तिथे कधी सभा तहकूब होत नाही.

या भागाला जमायचं कसं हे शिकवावं लागत नाही. आदिवासी समाजसुधारक गुलाम महाराजांच्या आरतीला १९३० च्या दशकात मोरवडला डोंगरातून पायी माणसं येत होती. १९७० च्या दशकात शहादा-तळोद्यात अंबरसिंग महाराजांबरोबर शेतमजूर जमिनीसाठी उभे राहिले. सरदार सरोवराच्या पाण्यात मणिबेलीची माणसं उभी राहिली ती कुणी अजेंडा काढला म्हणून नव्हे. एवढं सगळं केलेल्या लोकांना ग्रामसभेत रस नाही, असं जेव्हा एखादा साहेब म्हणतो तेव्हा मला राग येतो, आणि आपल्यातलाच सरपंच मान डोलावतो तेव्हा जास्त येतो.

होळीच्या सभेवर तुमचे आक्षेप काय असतील तेही मी ऐकले आहेत. पहिला, त्या दिवसांत लोक पिऊन असतात. असतात काही, खोटं कशाला बोलू. पण होळीत बुध्या-बावा बनून नाचणारे पालनी, म्हणजे व्रत, पाळतात, त्यांचे ते दिवस कडक असतात. आणि सभा होळीच्या रात्री ठेवा असं कोण म्हणतंय? होळीआधीच्या भोंगऱ्या बाजारासाठी माणसं चार दिवस आधी घरी येतात. बाजाराच्या आदल्या दिवशी सकाळी घ्या, पाड्यातच. घुंगरू बांधायला अजून वेळ असतो.

दुसरा आक्षेप भाऊसाहेबांचा: मार्च एंड आहे, मान वर करायला फुरसत नाही. हे मात्र खरं आहे. एकेका भाऊसाहेबाकडे दोन-दोन पंचायतींचा भार, वर ऑनलाइनची कटकट आणि नेटवर्कसाठी टेकडीवर चढायचं. पण मार्च एंडला जी बिलं निघतात, ज्या कामांचे पूर्णत्वाचे दाखले लिहिले जातात, त्यांचा हिशोब वाचून दाखवायला होळीइतका चांगला मुहूर्त दुसरा नाही. वरच्या पाड्यातली बाई स्वतः उभी राहून म्हणेल, हो, हा बंधारा झाला, पाणी थांबतंय. किंवा म्हणेल, कुठला बंधारा? दोन्ही उत्तरं तुमच्या फाइलपेक्षा खरी असतील. रजिस्टर लिहायला भाऊसाहेब एक दिवस येऊ शकले नाहीत तरी पेसा मोबिलायझर, म्हणजे पेसाच्या कामासाठी नेमलेला कार्यकर्ता, आहे, गावातली बारावी झालेली पोरं आहेत, लिहून ठेवतील. सही नंतर करा, वाचून करा.

तिसरा आक्षेप उघडपणे कोणी घेत नाही. गाव भरलेलं असलं की सभा लांबते, आवाज चढतो, जुने हिशोब निघतात, भावकीची भांडणं मध्ये येतात. रिकामी सभा सोपी जाते. सरपंचांनो, तुमची अडचण मला कळते. आपल्याकडे सरपंचपद आदिवासीसाठीच राखीव, त्यात निम्म्या ठिकाणी महिला, आणि अनेक बहिणी पहिल्यांदाच त्या खुर्चीवर बसलेल्या. शंभर माणसांसमोर उभं राहून पैशाचं उत्तर द्यायला छातीत धडधडतं. काही सरपंच बहिणी स्वतःच दिवाळीनंतर कोयता घेऊन जातात आणि मागे नवरा किंवा उपसरपंच कारभार बघतो. त्या बहिणीला तरी विचारा, सभा कधी घ्यायची म्हणून. ती २६ जानेवारी म्हणणार नाही.

एक गोष्ट भाषेची, ती थोडक्यात उरकतो. सभेची नोटीस मराठीत निघावी, रजिस्टर मराठीत असावं, त्याला हरकत नाही. पण वाचून दाखवताना आपल्या बोलीत, पावरीत, देहवालीत सांगा. 'विनियोग' हा शब्द मलाही नीट कळायला नोकरी लागावी लागली.

लोकांना गुजरातहून मधेच बोलवून आणणं शक्य नाही, खर्च कोण करणार, मुकादम सोडणार नाही, असंही ऐकवलं जातं. ते शक्य असतं, हे आपल्या सगळ्यांना माहीत आहे. ग्रामपंचायतीच्या निवडणुकीला क्रूझर आणि पिकअप थेट पडावावर जातात. रात्री निघतात, पहाटे माणसं गावात, मत टाकलं की संध्याकाळी परत फडात. डिझेल कुणाचं, जेवण कुणाचं, मुकादमाला एक दिवसाचा खाडा कुणी भरून दिला, सगळं व्यवस्थित पार पडतं. एका मतासाठी जी गाडी दीडशे-दोनशे किलोमीटर जाते ती त्याच माणसाच्या पाण्याच्या ठरावासाठी जात नाही. मी गाडी मागतही नाही. तो होळीला स्वतःच्या पैशाने येतोच आहे, फक्त त्या दिवसांत सभा ठेवा.

तेव्हा दिवाळीआधी पाडानिहाय बैठका लावा आणि होळीच्या आठवड्यातल्या सभेचा दिवस आताच पुजारा-कारभाऱ्यांना विचारून धरा. नोटीस पंचायतीच्या फळ्यावर लावता ती लावाच, नियम आहे. पण तिचा एक फोटो मोबिलायझरने पडावावरच्या पोरांनाही पाठवावा. प्रत्येक पडावावर कुणाकडे तरी मोबाइल असतोच, रात्री गाणी लावायला. आमच्या तीन पाड्यांच्या मुकादमांचे नंबर माझ्याकडे आहेत, मागा, देतो.

आपला,
अक्राणी तालुक्यातील एक मतदार